जागा राहणारा मुलगा

तळजाईच्या टेकडीवर रोज सकाळी फिरायला येणाऱ्यांत आमचा सहा-सात जणांचा एक घोळका आहे. बहुतेक जण निवृत्त. कोणाचे गुडघे दुखतात, कोणाची नात कुठे शिकायला गेली, हे सगळ्यांना सगळ्यांचे ठाऊक असते. त्यातले एक गृहस्थ काही वर्षांपूर्वी अचानक यायचे थांबले. फोन केला की 'जरा सर्दी झालीय' म्हणायचे. ही सर्दी तीन महिने टिकली तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो. चहा झाला, पण बोलणे काही होईना. मी निघालो तसे ते जिन्यापर्यंत सोडायला आले आणि जिन्यातच हलक्या आवाजात म्हणाले, "अहो, आमचा मुलगा एमडी घेतो. त्याच्या मित्रानं सांगितलं तेव्हा मला आधी वाटलं, डॉक्टरकीची पदवी म्हणतोय." हसायचा प्रयत्न करता करता ते कठडा धरून पायरीवर बसले.

त्या घराची हकिगत त्यांच्या संमतीने इथे सांगतो आहे. ओळख पटेल असे सारे तपशील बदलले आहेत. ती सांगायची ती अशासाठी, की हे घर तुमच्या-माझ्या घरासारखेच आहे. वडील नोकरदार, आई शिकवण्या घेणारी, एक मुलगा, एक मुलगी. घरात कोणी कधी सुपारीच्या खांडापलीकडे गेलेले नाही. मुलगा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला. रात्री दोन-अडीचला वडील पाणी प्यायला उठत, तेव्हा मुलाच्या खोलीच्या दाराखालच्या फटीतून उजेड दिसे. "पोरगं अभ्यासाला लागलं बरं का," असे त्यांनी टेकडीवर आम्हाला अभिमानाने सांगितल्याचे मला पक्के आठवते. आम्हीही माना डोलावल्या होत्या.

आईच्या लक्षात वेगळ्या गोष्टी येत होत्या. ताटातली पोळी तशीच राहते. शर्ट खांद्यावरून ओघळतात. उशीच्या अभ्र्यावर नाकातून आलेल्या रक्ताचे डाग. रात्रभर जागलेला मुलगा मग सलग दोन दिवस झोपतो, आणि उठला की कोणी हाक मारली तरी अंगावर येतो. "परीक्षेचं टेन्शन असेल," वडील म्हणत. एके रात्री त्याने खिडकीच्या काचांना आतून वर्तमानपत्रे चिकटवली. समोरच्या गच्चीवरून पोलीस आपल्यावर नजर ठेवून आहेत, असे तो सांगू लागला. समोरच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीखेरीज काहीही नव्हते. नातेवाइकांपैकी कोणी म्हणाले, बाहेरची बाधा असेल. त्यातही पंधरा दिवस गेले.

गर्द पेंगवायचा, हे जागवते

पुण्याला व्यसनाची ओळख नवी नाही. १९८० च्या दशकात 'गर्द' हा शब्द मराठी घरांत शिरला तो ब्राऊन शुगरच्या पाठोपाठ. अनिल अवचटांनी त्या विषयावर लिहिले, ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी मदतीचा हात पुढे केला. येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता अवचट यांनी त्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी 'मुक्तांगण' सुरू केले. डॉ. अनिता १९९७ साली गेल्या, अनिल अवचट २०२२ च्या जानेवारीत गेले, पण आळंदी रस्त्यावर मुक्तांगण आजही उभे आहे आणि त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर ते सांभाळत आहेत.

गर्दच्या त्या दिवसांत आईबापांना काय शोधायचे ते हळूहळू कळू लागले होते. गर्द घेणारा मुलगा पेंगायचा. डोळे अर्धवट मिटलेले, कपडे मळलेले, पन्नीचे जळके तुकडे खिशात. माल मिळाला नाही की अंग मोडून यायचे, नाक-डोळे वाहायचे. व्यसनी म्हणजे असा, हे चित्र आपल्या डोक्यात बसले ते तेव्हापासून.

आजच्या पावडरीने हे चित्रच उलटे केले आहे. 'एमडी' म्हणून आपल्याकडे जी विकली जाते ती मेफेड्रोन. सातासमुद्रापार ज्या मेथॲम्फेटामाइनने, म्हणजे 'मेथ' किंवा 'क्रिस्टल'ने, गावेच्या गावे पोखरली, तिची ही चुलत बहीण. दोघींचे काम एकच, मेंदूला चाबूक मारून पळवणे. ती घेणारा मुलगा पेंगत नाही, तो जागतो. भराभर बोलतो, आत्मविश्वासाने बोलतो, नीटनेटका राहतो, तासन् तास काम करतो. पहिले काही आठवडे तर घरच्यांना तो सुधारल्यासारखाच वाटतो. आमच्या स्नेह्यांना दाराखालचा उजेड अभ्यासाचा वाटला, त्यात त्यांची काही चूक नव्हती. व्यसनाची जी खूण त्यांना ठाऊक होती, तिच्या नेमकी उलट खूण समोर होती.

पुण्याच्या दारात

मेथॲम्फेटामाइन हे काही आजचे रसायन नव्हे. जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी ते १८९३ साली तयार केले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैनिकांना 'पेर्व्हिटिन' नावाच्या गोळ्यांतून ते दिले गेले, जपानमध्ये ते 'हिरोपॉन' नावाने वाटले गेले. सैनिकांनी जागे राहावे, थकू नये, एवढाच हेतू. युद्ध संपले, साठे बाजारात आले आणि हरलेल्या, उपाशी जपानमध्ये त्याची साथच पसरली. अखेर १९५१ साली जपानला त्यासाठी कडक कायदा करावा लागला. मेफेड्रोन मेथनंतरचे, १९२९ सालचे. ते कित्येक दशके प्रबंधांत पडून होते आणि ह्या शतकात बाहेर आले. 'म्याव म्याव' हे त्याचे लाडके नाव. ब्रिटनने २०१० साली त्यावर बंदी घातली. आपल्याकडे २०१५ च्या फेब्रुवारीत ते अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आले. तोवर मुंबईतल्या महाविद्यालयांच्या आसपास ते पुरते रुजले होते.

पुणेकरांनी हा शब्द मोठ्या अक्षरांत वाचला तो २०२३ च्या ऑक्टोबरात. ह्याच धंद्यातल्या खटल्यातला एक कैदी ससून रुग्णालयात उपचारांसाठी होता, तो २ ऑक्टोबरला तिथून पळाला. काही दिवसांतच नाशिकजवळच्या शिंदे गावातला मेफेड्रोनचा कारखाना पोलिसांनी उघड केला. पुढच्या वर्षी, २०२४ च्या फेब्रुवारीत, पुणे पोलिसांच्या हाती धागा लागला तो सोमवार पेठेत. तो ओढत ते विश्रांतवाडीतल्या गोदामात पोचले, तिथून दौंड तालुक्यातल्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत, आणि तिथून थेट दिल्लीत. दीड हजार किलोहून अधिक माल मिळाला आणि त्याची किंमत साडेतीन हजार कोटींच्या घरात सांगितली गेली. त्याच वर्षी जूनमध्ये फर्ग्युसन रस्त्यावरच्या एका हॉटेलच्या स्वच्छतागृहातली चित्रफीत घरोघरच्या मोबाइलवर फिरली.

ह्यातली दोन ठिकाणे मला विसरता येत नाहीत. पहिले कुरकुंभ. पूर्वी अफू, गर्द, चरस म्हटले की माल सरहद्दीपलीकडून, डोंगरांतून यायचा. ही पावडर शेतात उगवत नाही, ती औषधांची रसायने बनवणाऱ्या कारखान्यांसारख्याच कारखान्यात बनते. सोलापूरच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून २०१६ साली ठाणे पोलिसांनी कित्येक टन इफेड्रिन जप्त केले होते. इफेड्रिन म्हणजे मेथचा कच्चा माल. आपल्या जिल्ह्यांत रसायनांचे कारखाने आहेत, ती हाताळणारी शिकलेली माणसे आहेत, रस्ते आहेत. जे आपले वैभव, त्याच्याच आडोशाने हे चालते. बाहेरूनही येत राहतेच. २०२४ च्या नोव्हेंबरात अंदमानजवळ तटरक्षक दलाने एका मासेमारी बोटीवरून पाच हजार किलोहून जास्त मेथ पकडले. पण पुण्यातल्या मुलाला समुद्राकडे पाहत बसायची गरज उरलेली नाही.

दुसरे ठिकाण विश्रांतवाडी. ज्या भागात ते गोदाम सापडले, त्याच भागात आळंदी रस्त्याला मुक्तांगण आहे. विष आणि उतारा एकाच बाजूला, रिक्षाने काही मिनिटांच्या अंतरावर. तरीही आमच्या स्नेह्यांना सदाशिव पेठेतून त्या बाजूला जायला आठ महिने लागले. हे आठ महिने का लागतात, हाच माझ्या मते ह्या विषयातला खरा प्रश्न आहे.

मेंदूत काय होते

त्याचे एक उत्तर ह्या पावडरीच्या स्वभावात आहे. आपल्याला भूक लागली असता गरम भात मिळाला, परीक्षेत गुण मिळाले, कोणी प्रेमाने जवळ घेतले, की मेंदूत डोपामिन नावाचे रसायन थोडेसे स्रवते. 'हे चांगले आहे, पुन्हा कर' असे ते सांगते. मेथ आणि एमडी ह्या रसायनाचे धरणच फोडतात. जे आयुष्यात कशानेही मिळाले नाही इतके सुख काही मिनिटांत. पूर ओसरला की मागे चिखल उरतो. मग ना आईच्या हातचा भात गोड लागतो, ना मित्र, ना गाणे. एमडीचा अंमल तर दोन-तीन तासांतच उतरतो, त्यामुळे एका रात्रीत पुन्हा पुन्हा घेतली जाते. मेथचा अंमल अर्धा दिवसही टिकतो.

शरीराचे हाल पुढचे. भूक मरते, वजन घटते, रक्तदाब चढतो, छातीत धडधडते, जबडा आवळला जाऊन दात झिजतात आणि किडतात. अंगाचा ताप एकाएकी फार चढू शकतो, फिट येऊ शकते, ऐन पंचविशीत हृदय किंवा मेंदू दगा देऊ शकतो. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नये. थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि मुलाने काय घेतले आहे ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. लपवाछपवीने जीव जातो.

आणि झोप नसल्याने, पावडरीच्या माऱ्याने, संशय येऊ लागतो. लोक आपल्याबद्दल बोलतात, कोणी पाठलाग करते, भिंतीतून आवाज येतात, अंगावर किडे फिरतात. खिडकीला चिकटवलेली वर्तमानपत्रे ही बाधा नव्हती, हे आजाराचे लक्षण होते. पुष्कळांच्या बाबतीत पावडर थांबली, झोप मिळाली, की काही दिवसांत किंवा आठवड्यांत हे ओसरते. काहींना त्यासाठी मानसोपचाराची औषधे लागतात. पण ओळखायला हवे, आणि ओळखायचे तर ह्या गोष्टीचे नाव घरात उच्चारले जायला हवे.

गोळी नाही, माणसे आहेत

आमच्या स्नेह्यांनी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला तो तुम्ही-आम्ही विचारला असता तोच. "ह्यावर गोळी काय?" उत्तर ऐकून ते निराश झाले. गर्दसारख्या अफूच्या जातीच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिनसारखी पर्यायी औषधे आहेत. एमडी किंवा मेथ ह्यांच्यावर असे मान्यताप्राप्त औषध अजून नाही. प्रयत्न चालू आहेत. अमेरिकेत २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत नाल्ट्रेक्झोन आणि ब्युप्रोपिऑन ही दोन औषधे एकत्र दिल्यावर मेथच्या सुमारे १३.६ टक्के रुग्णांना फायदा दिसला. नुसते दिखाऊ औषध दिलेल्यांत हे प्रमाण २.५ टक्के होते. म्हणजे काहीच नाही असे नव्हे, पण शंभरातल्या बहुतेकांना औषधापलीकडचेच काही लागणार.

ते काय असते, हे मी नंतर त्या मुलाकडूनच ऐकले. केंद्रात गेल्यावर पहिला आठवडा तो नुसता झोपला आणि उठून खात सुटला. दुसऱ्या आठवड्यात त्याला जगणेच नकोसे झाले. पावडर सुटल्यावरचा हा काळ वरवर शांत दिसतो. गर्द सुटताना होते तशी तडफड नसते, म्हणून घरचे निर्धास्त होतात आणि 'झाला बरा' म्हणून परत घेऊन येतात. नेमकी हीच वेळ धोक्याची. मन इतके खचलेले असते की आत्महत्येचे विचार येतात. त्या दिवसांत रुग्णावर जाणत्यांची नजर लागते.

त्यानंतरचे काम बोलण्याचे आणि वेळापत्रकाचे. सकाळी ठरल्या वेळी उठणे, व्यायाम, झाडलोट, गटात बसून स्वतःबद्दल खरे बोलणे. समुपदेशक त्याच्यासोबत बसून तलफ केव्हा येते ते शोधून काढतात. ह्या मुलाची तलफ शनिवारी संध्याकाळी यायची, एका विशिष्ट मित्राचा फोन आला की यायची, आणि आपण नापास होणार असे वाटले की यायची. ती ओळखली की त्या वेळी काय करायचे हे आधीच ठरवता येते. ह्या पद्धतीला विज्ञानाचा भक्कम आधार आहे. मेथसारख्या व्यसनात सर्वात चांगला गुण आलेली आणखी एक पद्धत ऐकायला अगदी साधी आहे. ठरावीक दिवशी लघवी तपासायची, ती स्वच्छ निघाली की लगेच छोटेसे बक्षीस द्यायचे. मोठ्या मुलाला बक्षीस कसले, असे आपल्याला वाटते. पण ज्याचा मेंदू लहान सुखे ओळखायलाच विसरला आहे, त्याला ती पुन्हा ओळखायला शिकवावी लागतात. त्यासाठी बक्षीस लगेच हवे, नेमाने हवे आणि खोटे बोलल्यावर मिळता कामा नये.

हे सारे पाच आठवड्यांत संपत नाही. मेथ सोडलेल्यांच्या मेंदूची छायाचित्रे घेऊन केलेल्या अभ्यासात असे दिसले आहे, की डोपामिनची विस्कटलेली यंत्रणा सावरू लागते, पण त्याला वर्ष, कधी दीड वर्ष लागते. ह्या काळात घसरणही होते. आमच्या स्नेह्यांचा मुलगा तिसऱ्या महिन्यात एकदा घसरला. "सगळं पाण्यात गेलं," असे म्हणत वडील माझ्याकडे आले होते. मधुमेहाच्या माणसाने लग्नात जिलेबी खाल्ली आणि साखर चढली, म्हणून आपण त्याचे इन्सुलिन बंद करतो का? पुन्हा डॉक्टरांकडे जायचे आणि पुढे चालायचे. मुलगा पुन्हा गेला. ह्या वेळी तो स्वतःहून गेला, हा फरक होता.

घरच्यांसाठीही उपचार असतात, हे आपल्याकडे कमी जणांना ठाऊक आहे. मुक्तांगणमध्ये रुग्णांच्या पत्नींचा 'सहचरी' हा गट आहे, स्त्री रुग्णांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग आहे. आमच्या वहिनींनी, म्हणजे त्या मुलाच्या आईने, अशाच एका पालकांच्या गटात पहिल्यांदा चार लोकांसमोर 'माझा मुलगा व्यसनी आहे' हे वाक्य उच्चारले. "त्या रात्री मी आठ महिन्यांत पहिल्यांदा नीट झोपले," असे त्यांनी मला सांगितले. जागरण एकट्या मुलाचे नव्हते.

आपण काय करतो आणि काय करावे

ह्या आठ महिन्यांत त्या घराने काय काय केले, त्याची यादी त्यांनीच मला करून दिली. आधी रागावले. मग एकदा मारले. खोलीत कोंडले. मोबाइल काढून घेतला. कोकणात मामाकडे पाठवले, तिथून तो चौथ्या दिवशी पळून आला. दारात पैसे मागायला आलेल्या मुलांचे देणे दोनदा फेडले, कारण शेजाऱ्यांनी ऐकले असते. आईची पाटली गेली, ती 'बँकेच्या लॉकरमध्ये आहे' असे सांगून निभावले. 'लग्न करून द्या, जबाबदारी पडली की सुधारेल,' असेही एका वडीलधाऱ्याने सुचवले. सुदैवाने ते त्यांनी ऐकले नाही. दुसऱ्याच्या मुलीला ह्या आगीत ढकलणे हा उपचार नव्हे.

ह्या साऱ्यामागे एकच भीती होती. लोक काय म्हणतील. मुलीच्या लग्नाचे कसे होईल. आणि दुसरी, तितकीच मोठी भीती पोलिसांची. त्यासाठी कायदा काय म्हणतो तेही सांगायला हवे. अंमली पदार्थविरोधी १९८५ च्या कायद्यात व्यसनी माणूस आणि व्यापारी ह्यांच्यात फरक केला आहे. मेफेड्रोन ५० ग्रॅमहून अधिक असेल तर ते व्यापारी प्रमाण, आणि त्याची शिक्षा फार कडक. पण सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेतो, तेव्हा त्या आरोपाखालच्या खटल्यापासून त्याला संरक्षण देणारे कलम ६४-अ त्याच कायद्यात आहे. अट एकच, उपचार पूर्ण करायचे. मध्येच सोडले तर संरक्षण काढून घेता येते. शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अंमली पदार्थांमुळे होणारे मनाचे आजार मानसिक आजारांतच धरले आहेत आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन घातले आहे. डॉक्टरकडे जाणे म्हणजे पोलीस चौकीत जाणे नव्हे.

त्याच कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला मनाई केली आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण गल्लोगल्ली 'व्यसनमुक्ती'च्या पाट्या लागल्या आहेत आणि सगळ्या सारख्या नाहीत. मुलाला दाखल करण्याआधी विचारा. नोंदणी आहे का? मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात? घरच्यांना भेटू देतात का? मारहाण होते का? बाहेर पडल्यावर पुढचे वर्षभर काय? 'एकवीस दिवसांत शंभर टक्के खात्री' असे जो सांगेल, त्याच्या दारातून परत फिरा.

सुरुवात कुठून करायची हे कळत नसेल तर फोन उचला. केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत क्रमांक १४४४६ आहे. मन खचले असेल, मुलाचे किंवा तुमचे, तर 'टेली-मानस'चा १४४१६ आहे, त्यावर मराठीतही बोलता येते. ससूनचा आणि इतर मोठ्या रुग्णालयांचा मानसोपचार विभाग असतो. मुलगा यायला तयार नसेल तर आईवडिलांनी आधी एकट्याने जावे. हे फार थोड्यांना सुचते, पण घराची वागण्याची रीत बदलली की मुलाचेही बदलू लागते. देणी फेडायचे थांबवायचे, खोटी कारणे द्यायचे थांबवायचे, आणि जेवायला मात्र रोज हाक मारायची.

देशभर पाहिले तर ही संख्या फार मोठी नाही. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १० ते ७५ वयोगटातल्या ०.१८ टक्के लोकांनी अशा उत्तेजक पदार्थांचे सेवन केल्याचे आढळले होते. दारूपुढे हा आकडा काहीच नाही. पण टक्क्यांना घर नसते. ज्या घरात हे शिरते, तिथे ते शंभर टक्के असते. आणि पुण्यात शिकायला बाहेरगावाहून येऊन खोली घेऊन राहणाऱ्या हजारो मुलामुलींच्या दाराखालचा उजेड पाहायला तर घरचे कोणी नसतेच. त्यांच्या मेसच्या मावशींनी, घरमालकांनी, खोलीतल्या सोबत्याने हे वाचावे असे मला वाटते. मित्राचे गुपित राखणे हा मैत्रीचा धर्म खरा, पण मित्र दोन-दोन रात्री जागत असेल, जेवत नसेल आणि भिंतींशी बोलत असेल, तर त्याच्या घरी फोन करणे हाच धर्म. आमच्या स्नेह्यांना शेवटी जे कळले, ते मुलाच्या एका मित्राने धीर करून सांगितले म्हणूनच.

तो मुलगा आता नोकरी करतो. दर आठवड्याला गटाच्या बैठकीला जातो. पूर्ण बरा झाला असे तो स्वतः म्हणत नाही, 'आजचा दिवस गेला' एवढेच म्हणतो. त्याचे वडील पुन्हा टेकडीवर येऊ लागले आहेत. परवा उतरताना त्यांना विचारले, रात्री त्याच्या खोलीत उजेड दिसला की आता काय वाटते?

"पोटात गोळा येतो अजून," ते म्हणाले. "पण आता मी दार वाजवतो. विचारतो, काय रे, झोप येत नाही का? कधी म्हणतो, काम आहे बाबा. कधी म्हणतो, बसा थोडा वेळ. मग बसतो. तेव्हाच वाजवलं असतं तर..."

वाक्य त्यांनी पुरे केले नाही, आणि आम्ही पायऱ्या उतरत राहिलो.